सवीर्यतावधी आणि सक्रियण ऊर्जा : ऊससाखरेच्या विघटनावरून एक अभ्यास

औषधाची सवीर्यता किती काळ टिकते, हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. चूर्ण दोन मासांनंतर हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह एका वर्षानंतर, असे शार्ङ्गधराचार्यांनी कल्पनानुसार सांगितले आहे. आणि आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाल्यावर अधिक गुणवान होतात, हेही तेथेच नोंदविले आहे. आज औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब कल्पनानुसार अवधी ठरवून देतो. म्हणजे विचाराची चौकट तीच आहे. बदलले आहे ते एवढेच की, आता निर्मात्याकडे प्रयोगशाळेचे अहवाल येऊ लागले आहेत आणि त्या अहवालांचा अर्थ लावण्याची जबाबदारी आपल्यावर आली आहे.

असे काही अहवाल आमच्या पाहण्यात आले. औषध ४० अंश सेल्सियस तापमानात व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सहा महिने ठेवले. सूचक घटकद्रव्य अपेक्षित मर्यादेत राहिले. सबब सवीर्यतावधी दोन वर्षे, असा त्यांचा साधारण आशय असतो. सहा महिन्यांची दोन वर्षे कशी झाली, असे विचारले तर 'तसा प्रघात आहे' असे उत्तर मिळते. ही चौपट कोठून आली? कोणत्या औषधास ती लागू पडते आणि कोणत्या औषधास नाही? औषधाच्या वेष्टनावर आपण जो दिनांक छापतो, त्याचा भार या एका गुणाकारावर असेल, तर तो गुणाकार समजून घेणे आवश्यक आहे. त्याचे मूळ रसायनशास्त्रातील 'ॲक्टिव्हेशन एनर्जी' या संकल्पनेत आहे. मराठीत तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. ती प्रयोगशाळेत कशी मोजतात, हे वैद्यबंधूंस व निर्मात्यांस समजावे, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

संकल्पना

दोन गावांच्या मध्ये घाट असेल तर पलीकडचे गाव कितीही खाली वसलेले असो, आधी घाट चढावा लागतो. रासायनिक अभिक्रियेचे तसेच आहे. द्रव्याचे रूपांतर होणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी त्याच्या रेणूस आधी काही किमान ऊर्जा प्राप्त व्हावी लागते. ही किमान ऊर्जा म्हणजे सक्रियण ऊर्जा. कोणत्याही तापमानास सर्व रेणूंची ऊर्जा सारखी नसते. बहुतेकांची मध्यम असते आणि थोड्यांची पुष्कळ. घाट ओलांडतात ते हे थोडे. तापमान किंचित वाढले तर सरासरी ऊर्जा किंचितच वाढते, परंतु घाट ओलांडू शकणाऱ्या रेणूंची संख्या मात्र झपाट्याने वाढते. घाट जितका उंच, तितकी ही वाढ अधिक. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

याचे गणित स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडले. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, त्यांच्या त्या निबंधाचा विषय साधी ऊससाखर हा होता. आम्लाच्या सान्निध्यात ऊससाखर, म्हणजे सुक्रोज, पाण्याशी संयोग पावून ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागली जाते. या अभिक्रियेचा वेग मोजण्याचे काम जर्मनीतील लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्येच केले होते. कोणत्याही क्षणी होणारे विघटन त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असते, हे त्यांनी दाखविले. तापमान वाढले की हा वेग एवढा का वाढतो, याचा उलगडा करताना अऱ्हेनियस यांनी असे गृहीत धरले की, द्रावणातील साखरेचे काही थोडे रेणू 'सक्रिय' अवस्थेत असतात आणि उष्णता शोषून त्यांची संख्या वाढते. नंतरच्या काळात त्या कल्पनेचे तपशील बदलले. सूत्र मात्र टिकले.

आपल्या रसशाळेतही ही अभिक्रिया नित्य घडते. आवळ्याच्या अवलेहात साखरेस आम्लाचा सहवास घडतो व पाकाच्या उष्णतेत तिचा काही भाग विघटित होतो. मुरंबा साखरू नये म्हणून पाकात लिंबाचे चार थेंब टाकणाऱ्या गृहिणी हीच अभिक्रिया घडवीत असतात. ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणामुळे साखरेचे खडे धरत नाहीत. त्यामुळे उदाहरण म्हणून आम्ही हीच अभिक्रिया निवडली आहे.

प्रयोगाची मांडणी

हा प्रयोग विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पदवीचे विद्यार्थीही करतात. लागणारे मुख्य उपकरण पोलरीमीटर, म्हणजे ध्रुवणमापी. ऊससाखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश जाऊ दिला तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते. साखरेचे विशिष्ट वलन सुमारे धन ६६.५ अंश आहे. ग्लुकोजही उजवीकडे वळविते, परंतु फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे वळविते. म्हणून विघटन होत जाते तसतसे वलन कमी होत शून्यावर येते व पुढे ऋण होते. या उलट्या होण्यामुळेच तयार झालेल्या मिश्रणास 'इन्व्हर्ट शुगर' हे नाव पडले.

शुद्ध साखरेचे १०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून गाळून घ्यावे. हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ मोलर द्रावण वेगळे ठेवावे. दोन्ही द्रावणे स्थिर तापमानाच्या जलपात्रात निदान पाव तास ठेवून त्या तापमानास आणावीत आणि मगच सारख्या आकारमानात एकत्र करावीत. मिश्रण २० सेंटिमीटर लांबीच्या नळीत हवेचा बुडबुडा न राहील असे भरून वाचने घ्यावीत. नळीभोवती त्याच जलपात्राचे पाणी फिरते असावे. नाहीतर जलपात्र ४० अंशांवर आणि नळी खोलीच्या तापमानावर, असा प्रकार होतो व केलेले श्रम वाया जातात.

वर सांगितलेल्या प्रमाणात आरंभीचे वलन सुमारे धन १३.३ अंश असावे आणि २५ अंश तापमानात अखेरचे वलन सुमारे ऋण ४ अंश. अखेरचे वाचन मिळविण्यासाठी दिवसभर थांबण्याचे कारण नाही. मिश्रणाचा एक भाग झाकून ६० अंशांच्या जलपात्रात अर्धा तास ठेवला, तर विघटन पुरे होते. त्याहून अधिक तापवू नये. द्रावणास पिवळसर रंग येऊ लागला की वाचन अवघड होते. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. फ्रुक्टोजचे वलन तापमानाने बरेच बदलते, इतके की इन्व्हर्ट शुगरचे वलन सुमारे ८७ अंशांपाशी शून्य होते. म्हणून हा भाग थंड करून, ज्या तापमानास प्रयोग चालू आहे त्याच तापमानास त्याचे वाचन घ्यावे. एका तापमानाचे अखेरचे वाचन दुसऱ्या तापमानाच्या गणितात वापरणे ही या प्रयोगातील नेहमीची चूक होय.

कोणत्याही क्षणीच्या वाचनातून अखेरचे वाचन वजा केले की येणारी संख्या त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असते. साखर ग्रॅममध्ये किती, हे काढण्याची गरजच पडत नाही. या वजाबाकीचा नैसर्गिक लॉगरिदम काळाशी मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिच्या उताराचे चिन्ह बदलले की वेगस्थिरांक. मिश्रण केल्याचा नेमका क्षण टिपण्यात अर्धा मिनीट मागेपुढे झाले तरी बिघडत नाही, कारण त्याने रेषा सरकते, उतार बदलत नाही. वाचन शून्यावरून जाण्याच्या सुमारास साखर साधारण चतुर्थांश उरलेली असते, म्हणजे दोन अर्धकाल लोटलेले असतात. घाईत असलेल्या अभ्यासूस एवढीही पडताळणी उपयोगी पडेल.

गणित

हाच प्रयोग २५, ३०, ३५ व ४० अंशांवर करावा. आम्लाची संहती सर्व वेळी तीच असली पाहिजे. तिच्यात बदल झाला तर तापमानाचा परिणाम व आम्लाचा परिणाम यांची गल्लत होते. रीत दाखविण्यापुरते असे समजू की, दर मिनिटाचे वेगस्थिरांक अनुक्रमे ०.००५०, ०.०१०२, ०.०२०३ व ०.०३९५ आले. (हे आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष मूल्ये आम्लाच्या संहतीवर अवलंबून राहतील.) अर्धकालाच्या भाषेत २५ अंशांवर सुमारे १३९ मिनिटे, ४० अंशांवर १७ ते १८ मिनिटे.

आता तापमान केल्विनमध्ये घ्यावे, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३.१५ मिळवावेत. केल्विन तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर आणि वेगस्थिरांकाचा नैसर्गिक लॉगरिदम उभ्या अक्षावर मांडावा. चारही बिंदू एका रेषेत येतात. टोकाच्या दोन बिंदूंवरून पाहू. लॉगरिदम अनुक्रमे ऋण ५.२९८ व ऋण ३.२३१, फरक २.०६७. तापमानांच्या व्यस्तांतील फरक ०.०००१६०६६. पहिल्यास दुसऱ्याने भागले असता सुमारे १२,८७० येतात. यास वायुस्थिरांक ८.३१४ ने गुणले की सुमारे १,०७,००० ज्यूल, म्हणजे दर मोलास १०७ किलोज्यूल. आम्लाने होणाऱ्या ऊससाखरेच्या विघटनाची स्वीकृत सक्रियण ऊर्जा याच सुमारास आहे. जुन्या पुस्तकांतून ती सुमारे २६ किलोकॅलरी अशी आढळते.

दोनच तापमानांवर प्रयोग करून भागविण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन बिंदूंमधून सरळ रेषा नेहमीच जाते. त्यामुळे ती रेषा खरी की नाही हे कधीच कळत नाही. शिवाय तापमानांतील अंतर दहाच अंश असेल व वेगांच्या गुणोत्तरात दहा टक्के चूक असेल, तर सक्रियण ऊर्जेत साडेसात किलोज्यूलहून अधिक चूक येते. जलपात्राच्या तापमानाबद्दल तर फारच दक्ष राहावे लागते. या अभिक्रियेत एका अंशाच्या फरकाने वेग सुमारे १५ टक्के बदलतो. तापमान एक दशांश अंशापर्यंत स्थिर राहिले तरच आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. साध्या शेगडीवरील पातेल्यात थर्मामीटर बुडवून हा प्रयोग होत नाही, हे उत्साही मित्रांसाठी सांगून ठेवतो.

'दहा अंशांना दुप्पट' हा नियम

वेग दहा अंशांना दुप्पट होतो, हा नियम सर्वांच्या तोंडी आहे. व्हॅन्ट हॉफ यांच्या नावाने तो ओळखला जातो, पण मूळ विधान दोन ते चार पट असे आहे आणि त्यातील 'ते चार' गळून गेले आहे. साखरेच्या वरील उदाहरणात २५ वरून ३५ अंशांवर जाताना वेग चौपट झाला, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. त्याच टप्प्यात दुप्पट व्हायचे असेल तर सक्रियण ऊर्जा सुमारे ५३ किलोज्यूल असावी लागते. तिप्पट होण्यास सुमारे ८४.

आता सुरुवातीच्या अहवालाकडे वळू. ४० अंशांतील सहा महिने हे ३० अंशांतील किती महिन्यांच्या बरोबरीचे? सक्रियण ऊर्जा १०७ असेल तर सुमारे २३ महिने, म्हणजे दोन वर्षांस थोडेच कमी. ८४ असेल तर १७ महिने. ५३ असेल तर जेमतेम १२ महिने आणि ४० असेल तर १० महिने. अहवालातील आकडे शब्दशः तेच, औषधाची बाटली तीच, आणि अवधी दहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत कोठेही. एकाच तापमानावर केलेल्या परीक्षणात सक्रियण ऊर्जा कळण्याचा मार्गच नाही; मग चौपट हा गुणक केवळ गृहीत धरलेला असतो. विशेष म्हणजे घाट जितका ठेंगणा, तितके हे गृहीतक अधिक धोक्याचे, कारण अशा औषधाचा ऱ्हास उष्णतेत फारसा वाढलेला दिसत नाही आणि थंडीतही तो फारसा थांबत नाही. परीक्षणात ते औषध चांगले दिसते. रुग्णाच्या हाती पडते तेव्हा ते हीनवीर्य झालेले असू शकते आणि त्याचा दोष वैद्याच्या निदानावर येतो.

म्हणून निर्मात्यांनी प्रयोगशाळेकडे निदान तीन तापमानांची मागणी करावी, प्रत्येक तापमानास सूचक द्रव्याचे प्रमाण चार-पाच वेळा मोजून घ्यावे आणि आलेख मागावा. खर्च वाढेल हे खरे. सर्वच कल्पांसाठी तो परवडणारा नाही. निदान ज्या औषधांवर आपली रसशाळा चालते, त्यांच्यासाठी करावा. चूर्णाच्या बाबतीत आर्द्रतेचा परिणाम तापमानाइतकाच प्रबळ असतो, त्यामुळे वेष्टनासह परीक्षण झाले पाहिजे. आणि खोलीच्या तापमानास ठेवलेला नमुना वर्षानुवर्षे तपासत राहणे याला पर्याय नाहीच. आलेख हा अंदाज आहे, तो नमुना हा पुरावा आहे.

अग्नी आणि पाक

या विषयाची आम्हांस सर्वाधिक मनोवेधक वाटणारी बाजू पाकविधीची आहे. मंदाग्नीवर पाक करावा, असा निर्देश आपण वाचतो आणि घाईच्या दिवसांत मनात येते की, आच मोठी करून वेळ वाचविला तर काय बिघडले? सक्रियण ऊर्जेच्या दृष्टीने पाहू. साखरेचे विघटन ८० अंशांपेक्षा १०० अंशांवर सुमारे सात पट वेगाने होते. परंतु त्याच कढईत दुसरी एखादी अभिक्रिया चालू असेल व तिची सक्रियण ऊर्जा ५३ किलोज्यूल असेल, तर तिचा वेग त्याच वीस अंशांत फक्त सुमारे २.६ पट होईल. म्हणजे मोठ्या आचेवर दहा मिनिटांत साखरेचे जितके विघटन झाले, तितके मंद आचेवर होण्यास सत्तर मिनिटे लागतील. आणि त्या सत्तर मिनिटांत दुसरी अभिक्रिया मोठ्या आचेवरील दहा मिनिटांच्या मानाने अडीच पटींहून पुढे गेलेली असेल. दोन्ही पाक साखरेच्या कसोटीवर सारखे आणि तरी घटकांच्या प्रमाणात भिन्न. मंदाग्नी म्हणजे केवळ संथ पाक नव्हे. त्यातून निघणारे द्रव्यच वेगळे असते. आच बदलल्याने कल्प बदलतो, हे जुन्या जाणत्या वैद्यांचे म्हणणे रसायनशास्त्रास सर्वथा मान्य होण्यासारखे आहे.

संधानकल्पनेत मात्र हे सूत्र जपून वापरावे. धायफुलांबरोबर येणाऱ्या किण्वामधील इन्व्हर्टेज हे विकर साखरेचे विघटन आम्लाच्या मानाने सुमारे निम्म्या सक्रियण ऊर्जेत करते. घाट तोच राहतो, पण विकर त्यातून खिंडीची वाट काढून देते. त्यामुळे हे काम संधानपात्रात साध्या तापमानास होऊन जाते. तापमान वाढविल्यास थोडा वेग वाढतो खरा, परंतु एका मर्यादेनंतर किण्व मरतात, विकर निकामी होते आणि आलेखाची रेषा चढायची ती उतरू लागते. तसेच घृत वितळणे, गुग्गुळाच्या वट्या मऊ होऊन चिकटणे हे भौतिक बदल आहेत. ६० अंशांवर वितळलेल्या घृताचे परीक्षण करून २५ अंशांवरील थिजलेल्या घृताविषयी निष्कर्ष काढता येत नाही. ज्या तापमानाच्या पट्ट्यात द्रव्याची अवस्था बदलत नाही, त्याच पट्ट्यात रेषा ओढण्याचा अधिकार आपल्याला आहे.

गोदामाचे तापमान

जाता जाता औषधविक्रेत्यांसाठी एक हिशेब. पत्र्याचे छप्पर असलेल्या गोदामात उन्हाळ्यात दिवसाचे बारा तास ४५ अंश आणि रात्रीचे बारा तास २५ अंश तापमान राहते असे समजू. विदर्भ-खानदेशातील वाचकांस हे अतिशयोक्त वाटणार नाही. सरासरी ३५ अंश येते आणि नोंदवहीत तीच लिहिली जाते. परंतु १०७ किलोज्यूल सक्रियण ऊर्जेच्या अभिक्रियेचा वेग ४५ अंशांवर २५ अंशांच्या सुमारे पंधरा पट असतो. दिवस-रात्र मिळून सरासरी वेग आठ पट होतो, तर सतत ३५ अंशांत तो चौपट राहिला असता. औषधाच्या दृष्टीने ते गोदाम ३५ नव्हे, तर ४० अंशांचे आहे; म्हणजे प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केलेल्या जलद ऱ्हासाच्या कपाटाइतके उष्ण. रात्रीचा गारवा दुपारची हानी भरून काढीत नाही. तापमापक गोदामाच्या दारापाशी न लावता छपराखालच्या सर्वांत वरच्या फळीवर लावावा, आणि नोंद सकाळी दुकान उघडताना नव्हे, तर दुपारी तीनच्या सुमारास घ्यावी. अवलेह, सिद्ध तैल व घृत यांची खोकी खालच्या फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवणे एवढे तर आजच करता येईल.